वस्तीची गाडी आणि कल्की अवतार

२०३७ साली मी कुठे असेन, काय करत असेन, हे मला ठाऊक नाही. आमच्या घरच्या पोरांना ठाऊक आहे. मी त्यांना ‘महावतार कल्की’चा दुसरा भाग दाखवायला कल्याणला घेऊन गेलेलो असेन. तसं त्यांनी ठरवलंय आणि माझ्या वतीने ‘हो’ही म्हणून टाकलंय.

भानगड अशी की ‘महावतार नरसिंह’ हा ॲनिमेशनचा पिक्चर २५ जुलै २०२५ला लागला, पण त्याच्या महिनाभर आधीच तो काढणाऱ्यांनी पुढच्या बारा वर्षांचं वेळापत्रक जाहीर करून टाकलं होतं. २०२७ला परशुराम, २०२९ला रघुनंदन, २०३१ला द्वारकाधीश, २०३३ला गोकुळानंद, २०३५ला कल्कीचा पहिला भाग आणि २०३७ला दुसरा. दर दोन वर्षांनी एक. इतक्या नेमाने आमच्याकडे निवडणुकाही होत नाहीत.

पुतण्याने हा सगळा तक्ता गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतला आणि प्रत्येक सालापुढे घरातल्या प्रत्येकाचं वय मांडलं. नरसिंह आला तेव्हा पहिलीत असलेली त्याची धाकटी बहीण कल्कीच्या दुसऱ्या भागाला मतदार होऊन जाणार. तो स्वतः बावीस वर्षांचा, म्हणजे काकाने बोट धरून न्यायच्या वयाच्या बराच पुढचा; पण तिकिटांपुढे त्याने ‘काका’ असंच लिहिलंय. आबांच्या नावापुढे शहाऐंशी. तो आकडा त्याने जरा फिकट काढला होता. आबांनी चष्मा लावून तो पाहिला आणि विचारलं, “कल्की मुरबाडला येतो का कल्याणला?”

“कल्याणला, आबा. मुरबाडवरून आपण जायचं.”

“मग रेल्वेने जाऊ,” आबा म्हणाले, आणि ओटीवर बसलेली सगळी माणसं हसली.

बाहेरच्या वाचकाला यातलं हसू कळायचं नाही म्हणून सांगतो. कल्याण–मुरबाड रेल्वे हा आमच्या तालुक्यातला सर्वांत जुना आगामी चित्रपट. त्याची जाहिरात आबांनी तरुणपणी ऐकली. ट्रेलर दर निवडणुकीला येतो. नटसंच बदलत राहतो, गोष्ट तीच असते. त्यामुळे बारा वर्षांनी काहीतरी येणार आहे, या बातमीने आमच्याकडे कुणी दचकत नाही. उलट तारखेसकट सांगितलंय म्हणून जरा कौतुकच वाटतं.

आमचं गाव सिद्धगडाच्या पायथ्याला. सह्याद्रीच्या कड्याला खेटून उभा असलेला हा किल्ला, उंची ३२०० फुटांच्या आसपास, माचीवर सिद्धगडवाडी, पाठीमागे भीमाशंकरचं रान, बाजूला गोरखगड आणि मच्छिंद्रगड. देखावा असा की मुंबईहून पाठीला सॅक लावून येणारी पोरं एसटीतून उतरल्या उतरल्या ‘पिक्चरसारखं आहे’ म्हणतात. पिक्चरसारखं आहे हे खरं, पण पिक्चर मात्र नाही. त्यासाठी आधी मुरबाड गाठायचं, तिथून कल्याण. आणि कल्याणच्या मॉलमध्ये सरकत्या जिन्यावर आमच्या आईने पाय ठेवायला जो वेळ घेतला, तेवढ्यात बिरबलाची खिचडी शिजली असती.

नरसिंह लागला तो ऐन आवणीत. मोठी माणसं कमरेत वाकलेली, पोरं रोपांच्या मुठी पोचवायला बांधावर, पाऊस थांबायचं नाव नाही. अशा वेळी कुणी पिक्चरला जायचं म्हणालं असतं तर त्याला आहे त्या चिखलातच गाडला असता. इतर पिक्चर आठवड्यात उतरतात. हा उतरेना. आम्ही आवणी उरकली, हातापायांची कातडी ठिकाणावर आली, तरी हा चालूच. शेवटी गल्ला तीनशे कोटींच्या वर गेला म्हणतात. भारतात बनलेल्या कुठल्याही ॲनिमेशनपटाने एवढे पैसे त्याआधी पाहिले नव्हते. त्यातला काही वाटा आमचा आहे. तिकिटांपेक्षा पॉपकॉर्नचे जास्त गेले, ते त्या तीनशे कोटींत धरतात का, कल्पना नाही.

त्या दिवसांत थेटरात चपला बाहेर काढून बसणाऱ्यांचे व्हिडिओ फिरत होते. आत्याने ते पाहिले होते. तिनेही चपला काढल्या, पण बाहेर ठेवायची तिची छाती झाली नाही, खुर्चीखाली ठेवल्या. मग हिरण्यकशिपू प्रल्हादाला हत्तीच्या पायी देत असताना ती वाकून वाकून चपला जागेवर आहेत का पाहत होती. शेवटी खांब दुभंगून नरसिंह बाहेर आला तेव्हा सगळं थेटर हात जोडून उभं, आणि आत्याचा एक हात खाली. भक्ती आणि संसार दोन्ही एका वेळी करायची आमच्या घराण्याची ही जुनी रीत आहे.

पुढे १९ सप्टेंबरला तोच पिक्चर नेटफ्लिक्सवर आला आणि गावातल्या उरलेल्या पोरांनी तो कुणाकुणाच्या मामाच्या मोबाईलवर, टाकीजवळ जिथे रेंज येते तिथे उभ्याने पाहिला. तेव्हापासून आमच्याकडे चाहत्यांच्या दोन जाती झाल्या आहेत. थेटरवाले आणि मोबाईलवाले. मोबाईलवाल्याने मत दिलं की थेटरवाला म्हणतो, “तू काय बोलतो, तुझा नरसिंह एवढासा होता.” मोबाईलवाल्यांचं उत्तर असं की त्यांनी तो थांबवून, मागे नेऊन, पुन्हा पाहिलाय, त्यामुळे चुका त्यांना जास्त ठाऊक. एकजण म्हणतो, गर्दीत एकच माणूस तीन वेळा दिसला. इतरांना तो दिसला नाही, पण आता गर्दी आली की सगळे त्यालाच शोधतात.

घरात मात्र त्या पिक्चरने आईचं एक काम सोपं केलं. उंबऱ्यावर बसू नये, हे ती वर्षानुवर्षं सांगत होती आणि का, या प्रश्नावर तिच्याकडे ‘सांगितलं ना’ एवढंच उत्तर होतं. आता पोरंच एकमेकांना उठवतात. ना घरात, ना बाहेर, ना दिवसा, ना रात्री. दिवेलागणीला आमच्या उंबऱ्याच्या चार हात लांब शांतता असते.

तर आता येणार परशुराम. २०२७ सांगितलंय. आणि इथे खरी पंचाईत आहे.

प्रल्हादाची गोष्ट घरात बसून पाहायला सोपी. बाप वाईट, मुलगा चांगला, आई बिचारी, देव मुलाच्या बाजूने. पोरांना तर ती इतकी पटली की गृहपाठ सांगितला की आमचा पुतण्या खांबाकडे बघतो. परशुरामाची गोष्ट तशी नाही. त्यात बाप ऋषी आहे, रागीट आहे, आणि तो मुलाला सांगतो की आईचं डोकं उडव. आणि मुलगा उडवतो. सहकुटुंब पाहायचा पिक्चर!

आमच्या आईला हे कुणी सांगायचं, यावर पोरांची बैठक झाली. कारण आईचं माहेर आगरी. कार्ल्याची एकवीरा ही तिची माउली, दर चैत्रात डोंगर चढायचाच. एकवीरा म्हणजे रेणुका आणि रेणुका म्हणजे परशुरामाची आई, ही तिची श्रद्धा. म्हणजे परशुराम हा तिच्या लेखी दशावतारातला सहावा वगैरे नंतर. आधी तो एकवीरेचा मुलगा. आणि त्या पोराचं काय करायचं, याबद्दल तिचं मत पिक्चर निघायच्या कितीतरी आधीपासून तयार आहे.

“लेकाने आईवर परशू चालवलेला मी बघू? वर तिकीट काढून?”

“अगं आजी, नरसिंहात पोट फाडलेलं चाललं ना तुला?”

“तो राक्षस होता. ही आई आहे.”

पोरांनी तडजोडीचे मार्ग सुचवले. तेवढ्यापुरती वीज चमकवायची आणि अंधार करायचा. किंवा नुसती सावली दाखवायची. किंवा त्या वेळी मध्यंतर करायचं, म्हणजे आजी बाहेर भजी खात असताना सगळं उरकून जाईल. आईने तिन्ही फेटाळले. मग पुतण्याने हुकमाचं पान काढलं. पुढे बाप खूश होऊन वर देतो, आणि परशुराम काय मागतो? आई पुन्हा जिवंत कर, आणि झालेलं तिला काही आठवू नये असं कर. महाभारतातच आहे.

आई तांदूळ निवडत होती. “तिला आठवत नसेल,” ती म्हणाली. “मला आठवतंय.”

यावर दिग्दर्शक अश्विन कुमार यांच्याकडे काय तोड असेल ती असो. आमच्याकडे नव्हती.

पुतणीची हरकत वेगळी. परशुरामाला थोरले चार भाऊ होते. बापाने आधी त्यांना एकेक करून सांगितलं होतं. चौघांनीही आईवर हात उगारायला नकार दिला, म्हणून बापाने त्यांना शाप दिला, त्यांची शुद्धच गेली. पुतणीचं म्हणणं, जे चौघे नाही म्हणाले त्यांना शाप, आणि जो हो म्हणाला त्याच्यावर पिक्चर? हा कुठला न्याय? तिला थोरल्या भावांचा पिक्चर हवाय. आबांना मात्र जमदग्नी मनापासून पटलाय. पाच मुलांत बापाचं ऐकणारा एक निघाला, ही सरासरी त्यांच्या मते आजच्या मानाने उत्तम आहे. हे वाक्य त्यांनी आईसमोर उच्चारलं. त्या दुपारी चहा आला, पण आबांच्या कपात साखर नव्हती.

आई, भाऊ, बाप हे झालं घरचं. आता खलनायक. कार्तवीर्य अर्जुन, म्हणजे सहस्रार्जुन, हात एक हजार. पोरांनी प्रात्यक्षिक करून पाहिलं: सगळे एका मागे एक उभे राहिले, पुढच्याने तोंड करायचं आणि मागच्यांनी हात बाहेर काढायचे. गावातली झाडून सगळी पोरं लावूनही शंभराच्या आतच संपले, आणि दोन मिनिटांत मागच्यांनी पुढच्यांना गुदगुल्या केल्या. मग प्रश्न निघाले. हा झोपतो कुठल्या कुशीवर? जेवताना कुठला हात वापरतो? डास चावला तर कुणी मारायचा, हे हातांमध्ये ठरलेलं असतं का?

मी त्यांना जरा शहाणपण शिकवायला गेलो. म्हटलं, एका सेकंदाला चोवीस चित्रं पळतात. नरसिंह १३० मिनिटांचा होता, म्हणजे १ लाख ८७ हजार २०० चित्रं झाली. आता सहस्रार्जुन समजा दहाच मिनिटं पडद्यावर राहिला, तर चित्रं १४ हजार ४००, आणि प्रत्येकात हात हजार. पुतण्याने वही ओढली. १ कोटी ४४ लाख हात. हा आकडा वाचून दाखवल्यावर पहिल्यांदाच ओटीवर त्या पिक्चर काढणाऱ्यांबद्दल कणव पसरली. मी मग खुलासा केला की हल्ली हाताने कुणी काढत नाही. संगणकात एकदा एका हाताचा सांगाडा बांधायचा, तो कोपरातून कसा वाकतो, बोटं कशी मिटतात हे ठरवायचं, आणि मग त्याच्या प्रती काढून थोड्या पुढेमागे हलवायच्या. झालं. सगळी कणव ओसरली. “मग एवढी दोन वर्षं कशाला पाहिजेत?” आत्याने विचारलं. आत्या अंगणवाडीत आहे. एका प्रतीवरून पन्नास प्रती काढायला किती वेळ लागतो हे तिला माहीत आहे.

पोरांची सर्वांत खोल शंका मात्र हजार हातांबद्दल नाही. ती गाईबद्दल आहे. सहस्रार्जुन जमदग्नीच्या आश्रमातली कामधेनू पळवतो आणि तिथून सगळी मारामारी सुरू होते, म्हणजे गोष्टीत गाय मध्यवर्ती आहे. आणि गाय बसलेली उठते तेव्हा आधी मागचे पाय उचलते. घोडा आधी पुढचे. हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. संगणकापुढे बसणाऱ्याला असेल का? एक थेटरवाला म्हणाला, “कामधेनू पुढच्या पायांवर उठली, तर आपण पण उठायचं. सरळ बाहेर.” ठराव बिनविरोध मंजूर. या विषयात आमच्या माणसांना फसवता येत नाही. पौष पौर्णिमेला म्हसा गावची यात्रा भरते, तिथल्या गुरांच्या बाजारात बैलाचे दात पाहून वय सांगणारी माणसं आमच्या ओटीवर पान खायला येतात. यांच्यापुढे चुकीची गाय चालवायची म्हणजे हिंमत हवी.

पुतणीला शिवाय एक शेकरू हवंय. प्रत्येक कार्टूनात एक गमतीचा प्राणी असतो, तसं परशुरामाच्या खांद्यावर शेकरू असावं, त्याने अधूनमधून बोलावं. भीमाशंकरच्या अभयारण्यात शेकरू आहे, महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे, म्हणजे शिफारस भक्कम. आबा म्हणाले, शेकरू माणसाच्या खांद्यावर बसत नसतं, आणि ज्याच्या हातात कुऱ्हाड आहे त्याच्या तर मुळीच नाही. कुऱ्हाडीवरून त्यांना आठवलं: दांडा धावड्याचाच पाहिजे. दुसऱ्या लाकडाचा दांडा एकवीस वेळा पृथ्वी निःक्षत्रिय करेपर्यंत टिकायचा नाही. शिवाय अभयारण्यात असा कुऱ्हाड घेऊन फिरला तर गार्ड आधी पावती फाडेल.

हे एकवीसचं प्रकरणही तपासून पाहायला हवं. पहिल्या वेळी सगळे संपले, तर दुसऱ्या वेळी कुठून आले? आणि लागोपाठ एकवीस लढाया दाखवल्या तर माणसं झोपतील. ते सगळं एका गाण्यात बसवावं, असं मत पडलं. ओटीवर एक शेजारी बसले होते, त्यांच्या माजघरात पणजोबांची तलवार टांगलेली आहे. ते एवढा वेळ गप्प होते. शांतपणे म्हणाले, “एकवीस वेळा? मग आम्ही कसे उरलो?” विषय बदलण्यात आला.

बदलून तो आला जमिनीवर. आमच्याकडे कुठलाही विषय बदलला की तिथेच येतो. परशुरामाने जिंकलेली सगळी पृथ्वी कश्यपाला दान करून टाकली, मग स्वतःला उभं राहायला जागा नाही म्हणून समुद्रावर बाण सोडला, समुद्र हटला आणि कोकण वर आलं. आमचा ठाणे जिल्हा उत्तर कोकणात, म्हणजे हा पिक्चर आमच्या जागेचा आहे. पण गोम अशी की हक्क सांगणारे बरेच आहेत. चिपळूणजवळ लोट्याच्या डोंगरावर त्याचं देऊळ. गोव्यात पैंगिणला एक देऊळ, आणि बाण पडला तो बाणावलीत असं गोवेकर छातीठोक सांगतात. खाली तुळुनाडूतली माणसं तीच गोष्ट आपल्या किनाऱ्याबद्दल सांगतात. आणि केरळात बाणच नाही. तिथे त्याने परशू फेकला आणि केरळ काढलं. आता नरसिंह सादर करणारी होंबाळे ही कंपनी कर्नाटकातली, पिक्चर हिंदीसकट कन्नड, तमिळ, तेलुगू, मल्याळममध्ये लागलेला. मग परशुराम बाण मारणार की परशू फेकणार? बाण मारला तर आपला, फेकला तर त्यांचा. आमची पोरं पडद्याकडे बघतील ती त्याच्या हाताकडे.

आबांना एवढंच कळेना की दान दिलेल्या पृथ्वीचा फेरफार झाला होता का. दान तोंडी असेल तर सात-बारा परशुरामाच्याच नावावर राहिला असणार, आणि मग समुद्र हटवून नवी जमीन काढायची गरज नव्हती. आणि ही नवी जमीन म्हणजे समुद्रकाठची. आज केलं असतं तर सीआरझेडच्या नोटिसा येऊन पडल्या असत्या.

समुद्र आमच्या बांधापर्यंत होता का, असं पुतणीने विचारलं. मी सांगितलं की हा सगळा काळा दगड लाव्ह्याचा आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, एकावर एक थर. सिद्धगडाच्या कड्यावर ते थर मोजता येतात. ती म्हणाली, मग लाव्ह्याचाच पिक्चर काढा, त्यात आई मरत नाही.

एका बाबतीत मात्र सगळ्यांचं एकमत आहे. या वेळापत्रकात सर्वांत फायद्यात कोण असेल तर परशुराम. इतर अवतार आपापला पिक्चर करून जातील. हा चिरंजीव, त्यामुळे २०२७ला स्वतःचा पिक्चर. २०२९ला रामाने धनुष्य मोडल्यावर रागावून यायचं आहेच. २०३१ला द्वारका म्हणजे महाभारत, आणि भीष्म, द्रोण, कर्ण तिघेही याचेच विद्यार्थी. आणि कल्कीला शस्त्रविद्या शिकवणार कोण, तर कल्किपुराणानुसार पुन्हा हाच. मधलं एक गोकुळ तेवढं सुट्टीचं. बारा वर्षांची पक्की नोकरी! आमच्या भागात पोरगं बारावी झालं की औद्योगिक वसाहतीत अकरा महिन्यांच्या कराराने लागतं, तिथे हे असं. “निवृत्ती पण नाही,” आबा म्हणाले, “मरायचंच नाही तर पेन्शन कशाला?”

तक्त्यातली एक चूक पुतण्याने काढली आहे आणि तिला मला उत्तर देता आलेलं नाही. २०३१ला द्वारकाधीश, २०३३ला गोकुळानंद. आधी द्वारका, मग गोकुळ? म्हणजे कृष्ण आधी राजा होणार आणि दोन वर्षांनी लोणी चोरणार? वामनाला तर वगळलंच आहे, पण ते एका अर्थी बरंच झालं. आमच्याकडे त्या गोष्टीत सगळे बळीच्या बाजूचे असतात. थेटरात दंगा झाला असता. आणि आईच्या जुन्या पंचांगात दशावताराच्या चित्रात नववा अवतार म्हणून विठोबा विटेवर उभा आहे, त्याचा या वेळापत्रकात पत्ताच नाही. यावर ती फक्त “त्याला काय, तो उभाच आहे” एवढंच म्हणाली.

माझं स्वतःचं म्हणाल तर मला थोडी काळजी वाटते, आणि ती हातापायांची नाही. चित्रं हलवायच्या उद्योगात मराठी माणूस पहिल्यापासून आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली आगकाड्या नाचवल्या, प्रभातने १९३४ साली ‘जंबूकाका’ काढला, आणि २००५ साली व्ही. जी. सामंत यांचा ‘हनुमान’ आला तेव्हा पोरंटोरं शेपट्या लावून हिंडत होती. तो ‘हनुमान’ चालला आणि मग पुढची काही वर्षं ज्याला त्याला देवांची बालपणं सापडू लागली. बाळ गणेश झाला, मग दुसरा बाळ गणेश झाला, घटोत्कचही रांगायला लागला. पहिल्या पिक्चरला कुणाची अपेक्षा नसते, म्हणून तो जिवाच्या आकांताने केलेला असतो. दुसऱ्याच्या पाठीशी पहिल्याचे तीनशे कोटी उभे असतात. नरसिंह पाहायला आम्ही गेलो ते काही ठाऊक नसताना; परशुराम पाहायला जाणार ते गाईच्या मागच्या पायांवर डोळा ठेवून. कुठल्या अवताराला असा प्रेक्षक सोसेल?

मोबाईलवाल्यांतला एक पोरगा मात्र या सगळ्या वादात पडत नाही. त्याला सिद्धगडावरचा पिक्चर हवाय. आमच्याकडे दर २ जानेवारीला हुतात्मा स्मारकावर माणसं जमतात. भाई कोटवाल आणि हिराजी पाटील १९४३ साली त्या दिवशी पहाटे इथेच पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. वकिली सोडून रानात उतरलेला माथेरानचा माणूस, त्याचा आझाद दस्ता, मुंबईकडे वीज नेणारे मनोरे रातोरात आडवे. त्यांच्यावर माणसांचा पिक्चर २०२० साली येऊन गेला. याला तो कार्टूनमध्ये पाहिजे. बाकीच्यांनी विचारलं, त्यात काय बघायचं, हजार हात आहेत का? तो म्हणाला, “हात दोनच. पण मनोरे पाडलेत.” मला तरी यावर उत्तर सुचलं नाही. कुणी काढणार असेल तर रानाची खडान्खडा माहिती आमच्याकडे मिळेल, आणि त्यात शेकरूही बसतं; इथल्या झाडांवर ते खरंच आहे.

तोवर परशुराम. काढणाऱ्यांना आमच्या ओटीचं एवढंच मागणं आहे: गाय मागच्या पायांवर उठवा, बाण मारा, फेकाफेकी नको, आईचं तेवढं सांभाळून घ्या. बाकी तुम्ही कराल ते आम्ही गोड मानू. आणि कल्याणच्या थेटरवाल्यांनो, पहिला खेळ सकाळचा ठेवा. दुपारचा ठेवलात तर सहस्रार्जुनाचे निम्मे हात शाबूत असतानाच आम्हाला उठावं लागेल, कारण मुरबाडहून आमच्याकडे मुक्कामाला येणारी वस्तीची गाडी एकच आहे, आणि ती अवतारासाठीही थांबत नाही.